गोळी जाते, मीठ राहतं

थ्री नॉट थ्री रायफलची गोळी जागची हलल्यापासून नळीच्या तोंडाबाहेर पडेपर्यंत दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. पापणी लवायला याच्या पन्नासपटीहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात गोळी सेकंदाला सुमारे ७४४ मीटरचा वेग पकडते आणि स्वतःभोवती फिरायलाही लागते. नळीच्या आत पोलादात पीळदार खाचा कोरलेल्या असतात आणि दर दहा इंचांना त्यांचा एक पीळ पुरा होतो. करा भागाकार. सेकंदाला जवळजवळ २,९०० गिरक्या! आणि हे सगळं घडवून आणणारी ती खाच किती खोल? पाव मिलिमीटरसुद्धा नाही.

बार उडतो तेव्हा या नळीत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या हजारो पट दाब तयार होतो आणि पोलाद वितळेल इतकी उष्णता क्षणभर तिच्या भिंतींना चाटून जाते. नळी ते मुकाट सोसते. एकदा नाही, हजारो वेळा. आणि हीच नळी पावसाळ्यात नुसती खुंटीला टांगून ठेवली तर आठवड्याभरात आतून खवल्याखवल्यांची होऊ शकते. तेल लावलेलं असलं तरी. शेजारी टांगलेली, बार न काढलेली तशीच दुसरी बंदूक मात्र लख्ख राहते.

म्हणजे दोष एकट्या पावसाचा नाही. बार उडताना नळीत काहीतरी मागे राहिलं, आणि ते पुढचे कित्येक दिवस गुपचूप काम करत बसलं. काय असेल ते? धूर? आम्ल? दारूची राख? जगभरच्या शिकाऱ्यांनी, शिपायांनी आणि बंदुका बनवणाऱ्यांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या डोकी खाजवली. उत्तर निघालं मीठ. तेही कुणी टाकलेलं नाही, त्या दोन मिलिसेकंदांच्या आगीत तिथल्या तिथे तयार झालेलं.

हे समजून घ्यायला शहापूर-मुरबाडइतकी सोयीची जागा नाही. एका अंगाला माहुली, दुसऱ्या अंगाला सिद्धगड आणि माळशेज, मध्ये तानसा, भातसा, वैतरणेची पाणलोट क्षेत्रं. मुंबईकर नळ सोडतो तेव्हा जे पाणी येतं ते बहुतेक याच पट्ट्यातलं. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमटच, आणि काडेपेटीची काडी ओढली की गूल निघून हातात येतं. या काडीची आठवण ठेवा, पुढे तिचं काम आहे.

बंदूक इथे कशाला? भातासाठी. दाणा भरायला लागला की रात्री रानडुकरांचा कळप उतरतो आणि एका रात्रीत वावर नांगरल्यासारखं करून जातो. राखणीला माळ्यावर बसणारा माणूस डबे बडवतो, शेकोटी पेटवतो, सुतळी बॉम्ब लावतो. काही घरांत आजोबांच्या नावावरचा बंदुकीचा जुना परवाना असतो. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात एक गंमत आहे, वकील सोडून फारसं कुणी ती वाचत नाही. कलम १३ म्हणतं की पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी नागरिकाला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. ठासणीच्या! म्हणजे चंद्रावर माणूस उतरायला दहा वर्षं उरली होती तेव्हा आपल्या संसदेने शेतकऱ्याच्या हाती एकोणिसाव्या शतकातलं यंत्र ठेवलं, आणि ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी, तीही गुळगुळीत नळीची, देता येईल असं लिहून ठेवलं. मला यात मागासपणा दिसत नाही, हिशेब दिसतो. एक बार काढला की पुन्हा भरायला वेळ लागणारी बंदूक डुक्कर हुसकायला पुरते आणि दंगलीला पुरत नाही.

परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरावर बार काढायचा तरी त्याच कायद्याच्या कलम ११ प्रमाणे वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती नसेल तर डुक्कर कितीही मोठं असो आणि वावर कितीही उद्ध्वस्त असो, बार हवेतच.

आता ती ठासणीची बंदूक जवळून पाहू. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा. पण आग लावायची कुठून? तोडेवाल्या बंदुकीत पेटती वात असायची, चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी. दोन्हींत आधी बाहेरच्या खोलगट भागातली रंजक, म्हणजे पेट देणारी दारू, पेटायची आणि तिची ज्योत बारीक भोकातून आत जायची. पावसात रंजक भिजली की बंदूक म्हणजे काठी.

यातून सुटका केली ती एका पाद्र्याने, आणि कारण होतं बदकं. अलेक्झांडर फोरसाइथ हा स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा पाद्री. शिकारीचा नाद भारी. चकमकीची बंदूक झाडली की आधी रंजकीचा भपकन उजेड पडतो, क्षणभराने बार निघतो, आणि तेवढ्या क्षणात पाण्यावरची बदकं बुडी मारतात किंवा उडून जातात, हे पाहून तो वैतागला. नुसत्या टोल्याने पेटेल असा पदार्थ मिळाला तर? असे पदार्थ रसायनशास्त्रज्ञांना नुकतेच सापडले होते. फोरसाइथने त्यांचा वापर करून १८०७ मध्ये पेटंट घेतलं. पुढच्या दीड-दोन दशकांत त्या कल्पनेची तांब्याची इवलीशी टोपी झाली. टोपी बंदुकीच्या कानावर बसवायची, चाप ओढला की घोडा तिच्यावर आपटतो, ठिणगी थेट आत. वारा असो, पाऊस असो. नंतर गोळी, दारू आणि टोपी तिन्ही एका पितळी कोठीत बसली आणि काडतूस जन्माला आलं. आजही जगातल्या जवळजवळ प्रत्येक काडतुसाच्या बुडात फोरसाइथच्या कल्पनेची वंशज बसलेली आहे.

टोपीत असतं काय? शंभरएक वर्षं तिच्या मसाल्यात एक पदार्थ हटकून असायचा: पोटॅशियम क्लोरेट. हा तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. काडेपेटीच्या काडीच्या गुलात हाच. दिवाळीतल्या टिकल्यांत तांबड्या फॉस्फरसच्या जोडीला हाच. आणि शाळेच्या प्रयोगशाळेत मास्तरांनी परीक्षानळी तापवून प्राणवायू काढून दाखवला असेल, तर त्यातही बहुधा हाच होता. हा क्लोरेट म्हणजे घन रूपात दडवलेला प्राणवायू. टोल्याने चेतला की तो प्राणवायू एकदम मोकळा करतो आणि शेजारच्या जळाऊ पदार्थाला भडकवतो.

प्राणवायू निघून गेल्यावर खाली काय उरतं? सारी गोष्ट या प्रश्नापाशी येऊन थांबते. शंभर ग्रॅम क्लोरेटमधून सुमारे ३९ ग्रॅम प्राणवायू जातो आणि ६१ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड उरतं. पोटॅशियम क्लोराइड हे मीठच. स्वयंपाकघरातल्या मिठाचं सख्खं भावंड. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ रक्तदाबवाल्यांना विकतात त्यात ते मिसळलेलं असतं. आणि शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला तर ते पोत्याने माहीत आहे. म्युरिएट ऑफ पोटॅश, लाल पोटॅश म्हणून जे खत भाताला, भेंडीला टाकतात ते म्हणजे हेच. त्या खताचा लाल रंगही मोठा मजेचा आहे. पोटॅश स्वतः पांढराच असतो, त्याला लाली येते ती खाणीतच मिसळलेल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे. म्हणजे गंजाच्याच गोतावळ्यातल्या पदार्थामुळे!

टोपीत क्लोरेट किती? काही मिलिग्रॅम. मिठाचे मोजके दाणे होतील इतका. पण तो तिथे दाण्याच्या रूपात राहत नाही. पोटॅशियम क्लोराइड ७७० अंशांना वितळतं आणि १,४०० अंशांच्या पुढे उकळतं. बार उडताना नळीतलं तापमान याच्याही वर जातं, त्यामुळे मिठाची वाफ होते. ही वाफ गोळीच्या मागोमाग धावत जाते आणि त्या मानाने थंड पोलादावर जमते. एकसारखी, पातळ, डोळ्यांना दिसणार नाही अशी. नळीभर हाताने मीठ चोळायचं ठरवलं असतं तरी इतकं सफाईने जमलं नसतं.

तरीही बिघडलं कुठे? कोरडं मीठ पोलादाला काही करत नाही. हीच रायफल जानेवारीत सोलापूरच्या कोरड्या हवेत टांगली तर महिनाभर तिला हातही लावू नका, फारसं काही होणार नाही. पण प्रत्येक मिठाचा एक उंबरठा असतो. हवेतली आर्द्रता त्या आकड्याच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः त्यात विरघळतं. साध्या मिठाचा उंबरठा ७५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून मीठदाणी पावसाळ्यात चिकचिकते आणि काहीजण तिच्यात तांदळाचे दाणे टाकतात. पोटॅशियम क्लोराइडचा उंबरठा सुमारे ८४ टक्के. सह्याद्रीच्या पायथ्याशी जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता याच्या वर असणं हीच नेहमीची गोष्ट. त्या रात्री नळीच्या आत, कुणी थेंबभर पाणी घातलेलं नसताना, खारं पाणी सुटतं.

आणि मग त्या प्रत्येक थेंबात एक विजेचा सेल सुरू होतो. अलंकार म्हणून म्हणत नाही, खरोखरचा सेल. केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हे इतकं सोप्या रीतीने दाखवलं की कुठल्याही शाळेला करता यावं. घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा, त्यात रंग बदलणारी दोन रसायनं मिसळायची आणि बघत बसायचं. थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा होतो आणि कड गुलाबी. एकाच थेंबात, एकाच पट्टीवर दोन रंग! कडेला थेंब पातळ, तिथे हवेतला प्राणवायू सहज पोचतो. मध्यभागी पोचत नाही. प्राणवायूच्या या कमीजास्तीवर लोखंडाचे दोन भाग पडतात. मधलं लोखंड विरघळू लागतं, त्याचे इलेक्ट्रॉन पट्टीतूनच वाहत कडेला जातात आणि तिथे प्राणवायूला मिळतात. मध्यात खड्डा, भोवती गंजाचं कडं. निळा रंग विरघळलेल्या लोखंडाचा, गुलाबी रंग कडेला तयार झालेल्या अल्काचा. साध्या शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही म्हणून हा सेल रडतखडत चालतो. मीठ आलं की जोरात.

त्याहून वाईट पुढेच आहे. एवढं मीठ एकदा वापरून संपून जात असेल, असं वाटतं ना? संपत नाही. क्लोराइड विरघळलेल्या लोखंडाशी हातमिळवणी करतं, त्याला बाहेर आणतं, तिथे लोखंड पाणी आणि प्राणवायूशी मिळून गंज होऊन बसतं आणि क्लोराइड मोकळं होऊन पुढच्या लोखंडाकडे वळतं. कल्याणच्या बाजार समितीतला दलाल दोन पार्ट्यांची गाठ घालून देतो, सौदा झाला की पुढच्या गाळ्याकडे निघतो. माल त्याच्या घरी जात नाही, म्हणून दलालही संपत नाही. क्लोराइडचं तसंच. मोजके मिलिग्रॅम मीठ दिवसचे दिवस राबू शकतं ते यामुळे. आणि पाव मिलिमीटरहून उथळ खाचांच्या नळीत खड्डे पडायला कितीसं लोखंड जावं लागतं?

इतकं सरळ कारण असताना माणसांना ते सापडायला एवढा काळ का लागला, याची कथा मला या रसायनापेक्षाही आवडते.

टोपी आली तेव्हा बंदुकीची दारू काळीच होती: सोरा, कोळसा, गंधक. ही दारू जळते तेव्हा निम्म्याहून जास्त वजनाचा पदार्थ वायू न होता घन रूपात उरतो. नळीत काजळी, गंधकाची घाण, पाण्याचा हात लागला की नासक्या अंड्यासारखा वास. चार-सहा बार काढले की गज आत जाईना. त्यामुळे ठासणीची बंदूक वापरणाऱ्याला ती धुण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि ती घाण निघते गरम पाण्यानेच. घाणीबरोबर टोपीचं मीठही वाहून जायचं. कुणाला पत्ताच नाही की आपण मीठ धुतोय!

मग १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्येय याने बिनधुराची दारू केली. पाठोपाठ इंग्रजांचं कॉर्डाइट आलं. धूर नाही, काजळी नाही, नळी आतून स्वच्छ दिसते. मग पाणी कशाला? तेलाची चिंधी फिरवली की काम झालं. आणि त्या लख्ख, स्वच्छ नळ्या सडायला लागल्या. गलिच्छ दारूने ज्या बंदुका वाचवल्या होत्या त्या स्वच्छ दारूने मारल्या!

साहजिकच संशय नव्या दारूवर गेला. तिच्यात नायट्रिक आम्लापासून केलेले पदार्थ असतात, म्हणजे आम्लाचा अंश पोलादाच्या रंध्रांत शिरत असणार आणि मागाहून घामासारखा बाहेर येत असणार, असं जाणकार म्हणू लागले. आज पुसली, उद्या पुन्हा लाल. म्हणजे पोलाद आम्ल ‘ओकतंय’. ऐकायला किती पटण्यासारखं! मग आम्ल मारायला अल्कं आली, सोड्याचं पाणी आलं, अमोनिया आला, नाना कंपन्यांची औषधी तेलं आली. गंमत अशी की यातल्या पाणी असलेल्या औषधांनी खरंच गुण यायचा आणि त्यामुळे आम्लाचा सिद्धांत आणखी पक्का व्हायचा. श्रेय अमोनियाला, काम पाण्याचं.

अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधले रसायनशास्त्रज्ञ विल्बर्ट हफ यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला दारूचा अंश आणि टोपीचा अंश वेगवेगळे तपासले आणि नळ्या वेगवेगळ्या आर्द्रतेत ठेवून पाहिल्या. दारू निर्दोष सुटली. गुन्हेगार निघालं टोपीतून आलेलं क्लोराइड, आणि त्याचा साथीदार दमट हवा. तेल लावूनही गंज का चढतो याचाही उलगडा झाला. तेलाचा थर पाणी अडवतो असं आपण समजतो. पण तो थर इतका पातळ असतो की पाण्याची वाफ त्यातून हळूहळू पार होते. खाली मीठ बसलेलं असेल तर ते तेलाखाली बसल्या बसल्याही पाणी ओढतं. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणजे आपण तेल लावतो तेव्हा मिठावर पांघरूण घालतो, इतकंच.

आता कुठल्याही गावात बंदुकीच्या नळीवर काय फिरवतात ते आठवा. रॉकेल, नाहीतर खोबरेल, नाहीतर मशीनचं तेल. रॉकेल काजळी सोडवतं, शंका नाही. पण चमचाभर मीठ रॉकेलच्या बाटलीत टाकून दिवसभर हलवत बसा, मीठ तळाशी तसंच. शंभर मिलिलिटर पाण्यात मात्र २० अंशांना ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड मावतं, उकळत्या पाण्यात ५६ ग्रॅम. आपल्याला धुवायचे आहेत काही मिलिग्रॅम. म्हणजे कपभर पाणीसुद्धा चिकार झालं.

म्हणून ब्रिटिश सैन्यात रायफलच्या नळीत पाणी ओतायचं खास नरसाळं असायचं. बंदूक रिकामी असल्याची खात्री करायची, बोल्ट काढून घ्यायचा, मागच्या बाजूने उकळतं पाणी ओतायचं. मागूनच का? पुढून ओतलं तर घाण पाणी यंत्रात उतरतं. आणि उकळतंच का? विरघळवायला कोमट पाणीही पुरलं असतं. पण उकळत्या पाण्याने नळी इतकी तापते की उरलेला ओलावा आपोआप उडून जातो. पाणी घालून पोलाद कोरडं करायची ही युक्ती ज्याला पहिल्यांदा सुचली त्याला सलाम. त्यानंतर कोरड्या चिंध्या, आणि सगळ्यांत शेवटी तेल. क्रम उलटा झाला की सगळं मुसळ केरात.

त्या चिंधीचाही थाट होता. जुन्या ली-एन्फील्ड रायफलच्या दस्त्याच्या बुडाशी पितळी झडप असते. ती उघडली की आत तेलाची इवली बाटली आणि गुंडाळलेली दोरी. दोरीच्या एका टोकाला पितळेचं वजन, दुसऱ्या टोकाशी चिंधी अडकवायचे फास. वजन नळीत सोडायचं, दुसऱ्या तोंडाने बाहेर आलं की एका दमात ओढायचं. हा पुलथ्रू. एनसीसीत बावीसची रायफल चालवलेल्या कुणालाही हवालदाराची हाक आठवेल. ओढताना मध्येच थांबायचं नाही, आणि दोरी नळीच्या कडेला घासू द्यायची नाही. सुती दोरीने पोलाद झिजतं यावर विश्वास बसत नसेल तर जुन्या विहिरीच्या दगडी काठावर दोराने पाडलेल्या खाचा जाऊन पाहा.

बार काढायच्या महिन्यांत ज्याची बंदूक पोलिस ठाण्यात जमा होते त्याने तर हे आधी करावं. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं जमा करून घेतात, आणि विधानसभेची निवडणूक नेमकी पावसाळ्याच्या शेपटावर येते. मीठ घेऊन जमा झालेली बंदूक परत येईल तेव्हा कशी असेल, हे आता सांगायला नको.

मग काडतूसच नीट निवडलं तर? बिनमिठाची टोपी आहे की नाही? आहे. पण निवडीचा प्रश्न आपल्याकडे निराळ्याच वाटेने गेला, ती वाट थोडी पाहण्यासारखी आहे. बाहेरच्या देशात शिकारी विचार करतो की जनावर केवढं, अंतर किती, गोळी किती वजनाची. हिंदुस्थानात आधी विचार केला सरकारने. लष्कराच्या काडतुसाचीच बंदूक खासगी माणसाकडे असेल तर चोरलेली काडतुसं तिच्यात चालतील, ही इंग्रजांची धास्ती. म्हणून थ्री नॉट थ्री सामान्य माणसाला बंद. १९०७ मध्ये .४५० च्या बंदुका आणायलाही मनाई झाली, आणि वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी बंदुका बनवणाऱ्या विलायती कंपन्यांनी झटपट .४७० आणि तिच्यासारखे जवळपासचे आकडे काढले. हत्तीला फरक पडला नसावा. थ्री नॉट थ्रीच्या जागी आली .३१५. ऑस्ट्रियाच्या सैन्यातलं जुनं मानलिखर काडतूस, लष्कराच्या कुठल्याच रायफलीत न बसणारं. सरकारी कारखान्यांनी .३१५ च्या रायफली केल्या, खडकीच्या १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्याने काडतुसं केली, आणि ती धास्ती बाळगणारे निघून गेले तरी .३१५ इथेच राहिली. थ्री नॉट थ्री आजही नागरिकाला वर्ज्यच आहे. पोलिसांकडे मात्र ती इतकी टिकली की २००८ साली छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला तेव्हाही रेल्वे पोलिसांच्या हातात तीच होती. १८८८ चं काडतूस!

गोळीच्या टोकाचंही असंच. शिकारीच्या गोळीचं टोक मऊ शिशाचं ठेवतात, ती आत शिरून पसरते आणि जनावर चटकन मरतं. टोकदार कठीण गोळी आरपार गेली तर ते जखमी होऊन रानात तडफडत हिंडतं. अशी पसरणारी गोळी सैन्यासाठी १८९० च्या दशकात बनली ती कोलकात्याजवळच्या डमडमला. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने ती युद्धात निषिद्ध ठरवली. म्हणजे रणांगणावर जी गोळी क्रूर, तीच रानात दयाळू. यावर वाद घालायला बसलं तर रात्र पुरणार नाही.

बाराच्या बंदुकीचा आकडा तर मिलिमीटरही नाही आणि इंचही नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या तर एकेक ज्या नळीत नेमकी बसेल ती बाराची. प्रत्येक गोळी साधारण ३८ ग्रॅमची, नळी साडेअठरा मिलिमीटरची. सोळा गोळ्या पाडल्या तर त्या बारीक होणार, म्हणून सोळाची नळी बाराच्या नळीहून लहान.

परत टोपीकडे. हफ यांच्या निष्कर्षानंतर कारखाने क्लोरेटच्या जागी दुसरं काही जोमाने शोधू लागले. जर्मनीत १९२८ मध्ये सिनॉक्सिड नावाची टोपी आली, अमेरिकेत त्याच सुमारास रेमिंग्टनने क्लीनबोअर काढली. सिनॉक्सिडमध्ये क्लोरेटऐवजी शिशाचा स्टिफनेट नावाचा क्षार आणि बेरियम नायट्रेट. मागे मीठ उरत नाही. शिकाऱ्यांनी ती उचलून धरली. सैन्यांनी मात्र नाक मुरडलं. क्लोरेटची टोपी पंचवीस-तीस वर्षं गोदामात पडून राहिली तरी पेटणार, याची त्यांना खात्री होती. नव्या टोपीची ती परीक्षा व्हायला मुळात पंचवीस-तीस वर्षं जावी लागणार होती! म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक रायफलींची काडतुसं मिठाचीच होती, आणि अमेरिकी सैन्य पुरतं बदललं ते १९५० च्या दशकात.

बाजूने पाहिलं तर दोन्ही काडतुसं सारखीच दिसतात. तेच पितळ, तीच गोळी. बुडावरच्या शिक्क्यावरून कारखाना आणि साल कळतं, टोपीच्या पोटातलं नाही कळत. पण जुना साठा हातात आला तर शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक कारागिरांकडे त्यावर एक साधी परीक्षा असते. गोळी आणि दारू काढलेल्या, फक्त टोपी शिल्लक असलेल्या काडतुसाचा फुसका बार घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पट्टीवर काढायचा. तशीच दुसरी पट्टी, बार न काढलेली, तिच्या शेजारी. दोन्ही दमट जागी ठेवायच्या आणि वाट पाहायची. युरोपात यासाठी प्रयोगशाळेत ओलसर पेटी लागते. मुरबाडला जुलैत पडवी पुरते. दोन्ही पट्ट्या सारख्याच राहिल्या तर टोपी बिनमिठाची. एकीवरच तपकिरी ठिपके उमटले, तर पातेलंभर पाणी चुलीवर चढवायचं.